रूपदोष गेला; वीर्यदोषाचे काय?



शेतातील टाकाऊ पदार्थ वापरून कारखान्यांचे रंगीत सांडपाणी स्वच्छ करावे, या विषयावर गेल्या दोन-तीन दशकांत शोधनिबंधांचा अक्षरशः पूर आला आहे. उसाचे चिपाड, भाताचा तूस, भुईमुगाची टरफले, नारळाची करवंटी, लाकडाचा भुसा, कडुनिंबाचा पाला, असा एकही पदार्थ राहिला नसेल की जो कोणा ना कोणा संशोधकाने रंगीत पाण्यात टाकून पाहिला नाही. हा विषय रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु संबंध दुहेरी आहे. एक तर जलदुष्टी हा आपल्या संहितांचा विषय आहे. दुसरे म्हणजे, काढे आणि आसवारिष्टे करणाऱ्या प्रत्येक फार्मसीच्या मागील दारी चोथ्याचा ढीग साचतो, आणि हा चोथासुद्धा वनस्पतिज टाकाऊ पदार्थच आहे. त्याचा असा उपयोग करावा, असा विचार आता आपल्या व्यवसायातही बोलला जाऊ लागला आहे.

माझे मत प्रारंभीच नोंदवतो. हे तंत्र खरे आहे आणि योग्य ठिकाणी उपयुक्तही आहे. मात्र त्याला 'शुद्धीकरण' म्हणण्याची घाई आपण करू नये. निदान वैद्यांनी तरी करू नये, कारण दोष हटवणे आणि दोष हलवणे यांतील भेद आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवला जातो.

माझा व्यवसाय शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या खालच्या अंगाला आहे. वरच्या बाजूला इचलकरंजी; यंत्रमाग, सायझिंग, प्रोसेस यांवर लाखोंचे पोट चालणारे नगर. काही वर्षांपूर्वी सत्तरीतील एक शेतकरी आजोबा पायांच्या खाजेसाठी माझ्याकडे आले. जाताना त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. शेताकडेच्या ओढ्याचे पाणी होते, फिकट तांबूस. ते म्हणाले, "डॉक्टर, ह्यातला रंग तेवढा काढून दिला, तर पाणी चांगलं झालं म्हणायचं का?" त्यांच्या त्वचाविकाराचे कारण तो रंगच होता असे मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्याजवळ नव्हता. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

उत्तराचा आरंभ सुश्रुताचार्यांपासून करावा लागतो. सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात त्यांनी पाण्याचे सहा दोष सांगितले आहेत : स्पर्शदोष, रूपदोष, रसदोष, गंधदोष, वीर्यदोष आणि विपाकदोष. चिखल, वाळू, शेवाळ यांच्या जोडीला 'बहुवर्णता' हा रूपदोषच म्हटला आहे. म्हणजे पाणी नाना रंगांचे दिसणे हा सहांपैकी केवळ एक दोष. वीर्यदोष आणि विपाकदोष मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी सेवन केल्यावर शरीरात जे घडते त्यावरून ते ओळखावे लागतात. जलप्रसादनासाठी त्याच अध्यायात निर्मळीचे बी, कमळाचे कंद, वस्त्र इत्यादी सात साधने दिली आहेत आणि ती गढूळपणा घालवण्यासाठी आहेत. विषाने दूषित जलाशयाचा विचार आचार्य कल्पस्थानात स्वतंत्रपणे करतात आणि तेथे धव, असन, पाटला, आरग्वध आदी वृक्षांची राख पाण्यात टाकण्यास सांगतात. गढूळ पाणी आणि विषारी पाणी यांसाठी दोन स्थाने आणि दोन उपाय आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

यावरून 'हे सारे तंत्र आपल्याकडे होतेच' अशी आरोळी ठोकण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. राख आणि कोळसा या वेगळ्या वस्तू आहेत. राख क्षारीय असते. तिचे कार्य बऱ्याच अंशी पाण्यातील आम्ल-क्षार संतुलन बदलून होते. आजचे संशोधक वापरतात तो बहुधा कोळसा किंवा कच्चा तंतुमय पदार्थ, आणि त्याच्या कार्याला 'अधिशोषण' म्हणतात. त्यात द्रव्य आत शोषले जात नाही, ते पृष्ठभागाला चिकटून राहते. कोळशाने द्रावणाचा रंग जातो, हे लोविट्झ या रसायनज्ञाने १७८५ साली दाखवले. पृष्ठभागावरील या चिकटण्याचे गणित लँगम्यूर याने १९१८ च्या सुमारास मांडले. कोळशाची शक्ती त्याच्या सूक्ष्म छिद्रांत आहे. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधील छिद्रांच्या भिंती पसरून मोजल्या, तर क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरते. म्हणजे चिमूटभर पुडीत दहा गुंठे जमीन. कच्च्या चिपाडाला किंवा तुसाला असे क्षेत्रफळ नसते. त्यांचे काम प्रामुख्याने तंतूंवरील विद्युतभारित गटांवर चालते.

आपल्या कल्पनेत याच्या सर्वांत जवळची वस्तू म्हणजे मषी. द्रव्य शरावसंपुटात ठेवून, संधिबंधन करून, मातकापड देऊन अंतर्धूम जाळले की काळी मषी मिळते. उघड्यावर जाळले की राख. ज्यांनी स्वहस्ते मषी केली आहे त्यांना अधिशोषक कोळशाचे तत्त्व वेगळे शिकवावे लागणार नाही.

म्हणून मीही एक घरगुती प्रयोग केला. माझी फार्मसी लहान आहे. दशमूळ, त्रिफळा, महामंजिष्ठादी यांचा चोथा नेहमीच निघतो. प्रथम चोथा नुसता वाळवून पाण्यात टाकला. रंग जाणे दूरच, पाणीच तपकिरी झाले! हिरडा-बेहड्यातील उरलेला कषाय भाग पाण्यात उतरला होता. कच्चा वनस्पतिज पदार्थ पाण्यात स्वतःचे सेंद्रिय द्रव्य सोडतो, ही बाब उत्साही बातम्यांत क्वचितच असते. मग तो अनेकदा धुतला. काही भागाची झाकणबंद डब्यात मषी केली. दुकानातून मेथिलीन ब्लू आणून निळे पाणी केले आणि धुतलेला चोथा व मषी वेगवेगळ्या बरण्यांत टाकली. तासाभरात दोन्ही बरण्यांतील निळाई जवळपास नाहीशी झाली. मला कोण आनंद झाला! दुसऱ्या दिवशी एका परिचित डाईंगवाल्याकडून त्याच्या टाकीतील लाल पाणी आणले. चोथ्याने त्याला काहीच केले नाही. मषी रात्रभर ठेवूनही पाणी गुलाबीच राहिले.

असे का झाले, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. मेथिलीन ब्लू हे द्रव्य आपल्या परिचयाचे. १८७६ साली ते प्रथम तयार झाले आणि १८९१ साली एर्लिख व गुटमान यांनी ते मलेरियाच्या रुग्णांना देऊन पाहिले. त्याचा रेणू धनभारित आहे. वनस्पतींच्या तंतूंवर ऋणभारित गट असतात. साहजिकच दोघे एकमेकांना धरतात. असंख्य शोधनिबंध याच रंगावर बेतलेले आहेत, कारण तो स्वस्त आहे, मोजायला सोपा आहे आणि निष्कर्ष उत्तम येतो. परंतु सुती कापडाला आज मोठ्या प्रमाणावर लागतात ते रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. शिवाय ते पाणी ऊर्ध्वपातित नसते; सोड्यामुळे त्याचा पीएच दहा-अकरापर्यंत गेलेला असतो आणि अशा पाण्यात तंतू त्या रंगाला जवळ करण्याऐवजी दूर लोटतात. ज्वरावरील औषध निरोगी माणसावर तपासून यशाचा दर जाहीर करावा, तसा हा प्रकार आहे.

आता वीर्यदोषाकडे वळू. सुताला रिॲक्टिव्ह रंग बसावा म्हणून रंगाच्या हौदात मीठ किंवा सोडियम सल्फेट घालतात. प्रमाण लिटरमागे चाळीस ते ऐंशी ग्रॅमपर्यंत असते. हे मीठ कापडात राहत नाही; ते सारेच्या सारे सांडपाण्यात येते. आणि विरघळलेल्या मिठाला कोळसा धरत नाही. विषबाधेत सक्रिय कोळसा देताना लोह, लिथियम, मद्यार्क यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही, हे आपण जाणतोच. तेव्हा सर्वोत्कृष्ट मषीनेही फार तर पाणी नितळ होईल. खारटपणा तसाच राहील आणि जमीन नासायची ती नासेलच. तमिळनाडूतील तिरुपूर येथे नोय्यल नदीकाठच्या शेतकऱ्यांनी हेच भोगले. मद्रास उच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत तेथील डाईंग कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था ही पुन्हा सुरू होण्याची अट ठरली. त्या प्रकरणात रंगाइतकाच, किंबहुना अधिक, प्रश्न क्षारांचा होता.

निर्मळ दिसणे आणि निर्दोष असणे यांतील अंतर इचलकरंजीने दुसऱ्या प्रकारेही अनुभवले आहे. २०१२ साली तेथे काविळीची मोठी साथ आली. तिचे मूळ मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळण्यात होते. त्या पाण्याला लाल-निळा रंग नव्हता. डोळ्यांवर विसंबून पाणी तपासणारा समाज अशा वेळी हमखास फसतो.

रंग निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ मुळीच नव्हे. कापडावर उन्हाने आणि धुण्याने न उतरणे हा रंगाचा गुण. तोच नदीत अवगुण ठरतो, कारण तो तेथेही लवकर नष्ट होत नाही. काही ॲझो रंगांचे विघटन होताना बेंझिडीनसारखी अमाइन द्रव्ये निर्माण होतात, आणि बेंझिडीनने मूत्राशयाचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे. म्हणूनच भारताने १९९० च्या दशकात अशा अनेक रंगांवर बंदी घातली. दूषीविषाची कल्पना शिकलेल्या वैद्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मी अखेरीस राखला आहे, कारण तो मला माझ्याच चुकीतून समजला. निळ्या पाण्याच्या प्रयोगानंतर रंग धरलेला चोथा मी परसातील खतखड्ड्यावर टाकायला सांगितला. वनस्पतीच ती, कुजेल, असा माझा हिशेब. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि सकाळी आमच्याकडे चोथा उचलायला येणाऱ्या मावशींनी हाक मारली, "डॉक्टर, भाईर येऊन बघा, पावसानं निळं पाणी आणलंय." खड्ड्यातून निघालेला निळा ओघळ अंगण ओलांडून आडाच्या कठड्यापर्यंत पोहोचला होता. मुठीएवढ्या द्रव्याचा तो प्रताप! आडाचे पाणी आम्ही आठ दिवस वापरले नाही आणि भिजलेली माती खरवडून काढली. रंग नाहीसा झालाच नव्हता. तो पाण्यातून चोथ्यात गेला, चोथ्यातून पुन्हा पाण्यात आला. शास्त्राच्या भाषेत, दोष कोष्ठातून शाखेत गेले होते आणि मी रोगी बरा झाला असे समजून बसलो होतो.

विषबाधेत दिलेला कोळसा विष घेऊन मलाबरोबर शरीराबाहेर पडतो, म्हणून तो उपचार. तो शरीरातच राहिला तर त्याला उपचार म्हणता येणार नाही. नदीच्या बाबतीत हे 'बाहेर पडणे' कोठे आहे, हा प्रश्न विचारल्याशिवाय अधिशोषणाला शोधन म्हणता येत नाही.

चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सांगताना त्यांचा तरतम भावही सांगितला आहे. वायूपेक्षा उदकाची, उदकापेक्षा देशाची आणि देशापेक्षा कालाची विकृती टाळण्यास अधिक कठीण. या दृष्टीने पाहिले, तर पाण्यातील रंग काढून तो उघड्यावर जमिनीत पुरणे म्हणजे दोष कठीण स्थानाकडून अधिक कठीण स्थानाकडे नेणे होय. उदकदुष्टी घालवता घालवता आपण देशदुष्टी करतो.

प्रमाणाचाही विचार करावा. समजा, एका डाईंगचे रोजचे सांडपाणी एक लाख लिटर आहे आणि त्यात लिटरमागे पन्नास मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे दररोज पाच किलो रंग. अधिशोषकाचा एक ग्रॅम प्रत्यक्ष वापरात पन्नास मिलिग्रॅम रंग धरतो असे मानले, तरी रोज शंभर किलो कोरडा पदार्थ लागेल. महिन्याला तीन टन, तोही रंगाने माखलेला आणि ओला झाल्यावर कितीतरी जड. तो कोठे ठेवणार? 'टाकाऊ' म्हणून ज्याची गणना होते ते चिपाडही साखर कारखान्याच्या बॉयलरला लागते, तूस वीटभट्टीला लागतो. फुकट आणि अमर्याद असे काहीच नसते.

मग हे तंत्र टाकून द्यावे काय? तसे मी म्हणत नाही. जैविक प्रक्रियेनंतर उरलेला थोडा रंग काढण्यासाठी, शेवटच्या पायरीवर, चांगल्या प्रतीच्या कोळशाचा उपयोग निश्चित आहे. नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांत वापरला जातोच. प्रश्न तंत्राच्या मर्यादांचा आहे, आणि मर्यादा सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.

फार्मसीधारक बंधूंना माझ्या काही विनंत्या आहेत.

पहिली विनंती अशी की, आरंभ स्वतःच्या गटारापासून करावा. 'शेड्यूल टी'मध्ये, म्हणजे २००० सालापासून आपल्याला लागू झालेल्या उत्तम निर्मितीच्या नियमांत, अपायकारक सांडपाणी आणि अवशेष यांवर योग्य प्रक्रिया करूनच त्यांची विल्हेवाट लावण्याची अट स्पष्ट आहे. काढ्याची भांडी धुतलेले काळे पाणी गटारात सोडून शेजारच्या डाईंगवाल्याला उपदेश करणे शोभत नाही. ते पाणी निवळवून, गाळून, शक्य तेथे शोषखड्ड्याआधी जैविक प्रक्रियेतून न्यावे.

दुसरी विनंती चोथ्यासंबंधी. सामान्य काष्ठौषधींच्या चोथ्याचे सर्वांत चांगले रूपांतर म्हणजे कंपोस्ट. त्यात कोणताही रंग धरायला लावून चांगल्या खताचे घातक कचऱ्यात रूपांतर करण्यात शहाणपण नाही. मात्र वत्सनाभ, कुचला, भल्लातक, धत्तूर यांचे अवशेष आणि त्यांच्या शोधनात वापरलेले गोमूत्र, दूध इत्यादी द्रव खतखड्ड्यात जाऊ नयेत. ते वेगळे ठेवून स्वतंत्रपणे नष्ट करावेत.

तिसरी विनंती अशी की, कोणी हे तंत्र घेऊन आपल्या दारी आला, तर त्याला चार प्रश्न विचारावेत. कोणत्या जातीच्या रंगावर तपासले? प्रत्यक्ष कारखान्याच्या पाण्यावर तपासले की बरणीतल्या? क्षारांचे काय? आणि रंग धरलेला पदार्थ शेवटी कोठे जाणार? चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'अधिकृत घातक कचरा प्रक्रिया केंद्रात' असे नसेल, तर सहकार्य देऊ नये. तो पदार्थ शेतात, खतात किंवा उघड्या चुलीत जाता कामा नये.

चौथी विनंती म्हणजे निदान परिवर्जनाची. रंग कमी वाया जाईल, मीठ कमी लागेल, पाणी पुन्हा वापरले जाईल अशी कापडाची प्रक्रिया हाच मूळ उपाय आहे. आपण डाईंगचे कारखाने चालवत नाही, हे खरे. पण आपल्या गावात पाण्याविषयी बैठक होते, तेव्हा डॉक्टर म्हणून आपल्याला बोलावले जाते. तेथे नितळ पाण्याची बाटली दाखवून टाळ्या घेणाऱ्याच्या शेजारी बसून आपण गप्प राहू नये.

ते आजोबा अजूनही येतात. मागच्या खेपेला मी त्यांना सांगितले, "आजोबा, रंग काढला तर पाणी बरं दिसेल, पण तेवढ्यानं चांगलं होणार नाही. खारटपणा मोजून घ्या, माती तपासून घ्या आणि अहवाल येईपर्यंत ते पाणी उसाला देऊ नका." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हंजे नुसत्या दिसण्यावर जायचं न्हाई." सुश्रुताचार्यांच्या त्या सहा दोषांचा याहून सोपा अर्थ मला अद्याप कोणी सांगितलेला नाही.